मराठी प्रेमकादंबरी : दोघांच्या मध्ये उभे कोण?

प्रेमकादंबरी म्हटले की आपल्याकडचा जाणता वाचक नाक मुरडतो. ग्रामीण, दलित, ऐतिहासिक, चरित्रात्मक कादंबऱ्यांना आपण मानाने बोलावतो आणि प्रेमाच्या गोष्टीला प्रवासात किंवा आजारपणात वाचायचे पुस्तक समजतो. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. गेल्या काही महिन्यांत मी मराठीतल्या प्रेमकादंबऱ्या ठरवून वाचल्या. काही पहिल्यांदाच, काही पुन्हा. वाचताना एक कसोटी आपोआप हाताशी आली. ओढ, हुरहूर, रुसवे-फुगवे सगळ्याच कादंबऱ्यांत असतात. कादंबरीचे पाणी जोखायचे ते अडसरावरून. दोघांच्या मध्ये काय उभे आहे, आणि ते खरोखरच उभे आहे की लेखकाने आणून ठेवले आहे, हे पाहायचे. पुढची मते त्या कसोटीवरची आहेत. गोष्टींचे शेवट मी फोडलेले नाहीत.

हा प्रकार उशिरा का आला

सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्या पाहा. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे, विधवांच्या दुःखाचे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, अद्भुतरम्य. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये नवरा-बायकोचा जिव्हाळा फार सुंदर आला आहे, पण तो लग्नानंतरचा. लग्नाआधी दोन जाणती माणसे एकमेकांना निवडतात अशी गोष्ट त्या काळात बेतायची तरी कशी? मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकलेले असे. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर पुण्यात केवढे वादळ उठले, आणि त्या कायद्याने वाढवलेली मर्यादा होती अवघी बारा वर्षांची. मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा १९२९मध्ये आला.

याच काळात पुण्यात १८८४ला हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली, १९१६ला अण्णासाहेब कर्व्यांचे महिला विद्यापीठ निघाले. शिकणारी, अविवाहित, स्वतःचे मत असलेली तरुणी प्रथमच घराबाहेर दिसू लागली. प्रेमकादंबरीला नायिका मिळाली ती तिथे.

फडके : वेग आहे, अडसर नाही

ना. सी. फडके यांनी या नव्या तरुण-तरुणींना कादंबरीत आणले. ‘जादूगार’ १९२८ची, ‘दौलत’ १९२९ची. कादंबरी कशी रचावी याचा त्यांनी शास्त्रासारखा विचार केला आणि ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथही लिहिला. आज ‘दौलत’ वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती वेगाची. प्रकरण नेमके कुठे तोडायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. संवाद सफाईदार आहेत, आणि तरुण मुलगा-मुलगी समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलतात. त्या काळच्या वाचकांना हे बोलणेच केवढे नवे वाटले असेल!

माझी तक्रार अडसराबद्दल आहे. योगायोग, गैरसमज आणि प्रेमाचा त्रिकोण यांवर सगळा डोलारा उभा असतो. दोघे एकदा नीट बोलले असते तर पुढची शंभर पाने लागली नसती, असे वाचताना वारंवार वाटते. नायिका दिसते कशी हे भरपूर कळते, ती विचार काय करते हे फार थोडे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद आपण शाळेपासून ऐकतो. वाचक म्हणून मला त्यापेक्षा नायिकेच्या मनाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

कायदा आडवा येतो तेव्हा : ‘हिंदोळ्यावर’

फडके लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच, १९३४मध्ये, विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ आली. हे मालतीबाई बेडेकरांचे टोपणनाव. आदल्याच वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडवलेली होती. ‘हिंदोळ्यावर’मधली अचला नवऱ्याने टाकलेली आहे, आणि विरागवर तिचे प्रेम बसते.

इथे अडसर शोधावा लागत नाही. त्या वेळी बडोदे संस्थानात हिंदू स्त्रीला घटस्फोट घेता येत होता, पण मुंबई इलाख्यात नव्हता. इलाख्यात तसा कायदा झाला १९४७ला आणि देशभर १९५५ला. म्हणजे नवऱ्याने टाकले तरी अचला कागदावर त्याचीच बायको, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी लग्न अशक्य. मग ती लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहण्याचा विचार करते. हे पाऊल टाकताना तिच्या मनात जी उलथापालथ होते, ती या कादंबरीचा प्राण आहे.

काही जागी पात्रे भाषणे करतात आणि भाषा आज थोडी जड वाटते. तरीही मी ही कादंबरी फडक्यांच्या कादंबऱ्यांच्या वर ठेवीन. अचला प्रेमात असतानाही हिशेब मांडते. आपण काय गमावणार, कोण आपल्याकडे पाठ फिरवणार, हे तिला पुरते कळते आणि कळूनही ती निर्णय घेते. प्रेमात पडलेल्या बाईला अक्कलही असते, हे मराठी कादंबरीत इतक्या ठामपणे तिच्याआधी क्वचितच आले असेल.

‘रणांगण’ : बोटीवरचे काही दिवस

मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ची. माझ्या मते मराठीतली सर्वांत श्रेष्ठ प्रेमकादंबरी हीच, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण युरोपातून बोटीने मुंबईला परततो आहे. आधीच्या प्रेमात तो पोळलेला आहे, आणि त्यामुळे बायकांबद्दल त्याच्या मनात एक कडवट बेफिकिरी आहे. त्याच बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. त्यांत हॅर्टा ही तरुणी आहे.

यामागचा इतिहास माहीत असला की कादंबरी अधिक खोल उतरते. १९३५च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि जर्मनांशी त्यांचे विवाह बेकायदा ठरवले. नोव्हेंबर १९३८मध्ये देशभर त्यांची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली गेली, जाळली गेली. बाहेर पडावे तर बहुतेक देशांनी दारे लावून घेतलेली. व्हिसा न मागणारे एक मोठे बंदर उरले होते शांघाय. इटालियन बोटी सुएझ कालव्यातून, मुंबई आणि कोलंबो करत पूर्वेकडे जात, आणि हजारो निर्वासित त्या मार्गाने गेले. त्या बोटीवर एखादा मराठी प्रवासी असणे अगदी शक्य होते, आणि खुद्द बेडेकर सिनेमाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला जाऊन आलेले होते.

म्हणजे प्रेमाला मुदत घालून दिलेली आहे. मुंबई आली की चक्रधर उतरणार आणि हॅर्टा पुढे जाणार. दोघांच्या मध्ये महायुद्धाची चाहूल आहे, पासपोर्ट आहेत, सरकारे आहेत. एखादा कमी ताकदीचा लेखक इथेच थांबला असता आणि सगळा दोष जगावर टाकून मोकळा झाला असता. बेडेकरांनी तसे केले नाही. त्यांनी खरा अडसर चक्रधरच्या मनात ठेवला आहे. हॅर्टाकडे ना देश आहे ना घर, तरी ती स्वतःला पूर्णपणे देऊन टाकते. चक्रधरकडे दोन्ही आहे, आणि तो हातचे राखून ठेवतो. आपण तिच्यावर प्रेम करतो आहोत की वेळ घालवतो आहोत, हे त्याला कळेपर्यंत किनारा जवळ आलेला असतो. कथा तोच सांगतो, त्यामुळे स्वतःवरचे आरोपपत्र त्याला स्वतःच लिहावे लागते.

बोटीवरची गर्दीही विसरता येत नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, एकमेकांशी जमवून घेणारे आणि एकमेकांचा तिरस्कार करणारे प्रवासी. वंशाचा द्वेष फक्त जर्मनीत आहे असे समजायची सोय बेडेकर आपल्याला देत नाहीत. भारतीयांच्या वागण्याकडेही त्यांचे लक्ष आहे. आणि हे सगळे एका लहानशा पुस्तकात. वाक्ये तुटक आहेत, वर्णनाला फाटा दिलेला आहे. पुढे बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेही जरूर वाचावे, पण आधी ‘रणांगण’.

‘गारंबीचा बापू’ : सगळा गाव मध्ये

श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९५२ची. कोकणातले गारंबी हे गाव, तिथे अण्णा खोतांचा दबदबा, आणि त्यांना न जुमानणारा बापू. त्याचे राधेवर प्रेम बसते. ही राधा हॉटेल चालवणारी, गावाच्या लेखी बदनाम. जात, पैसा, अब्रू आणि खोताचा अहंकार या सगळ्यांची मिळून एकच भिंत उभी राहते.

मला ही कादंबरी आवडते ती राधेमुळे. रंगभूमीवर डॉ. काशिनाथ घाणेकरांचा बापू गाजला आणि लोकांच्या मनात बापूच मोठा होऊन बसला. पुस्तक वाचा म्हणजे कळेल की राधा त्याच्या तोडीस तोड उभी आहे. गाव काय म्हणेल याचा धाक तिने आधीच सोडलेला आहे. बापूला मात्र तो लढून सोडावा लागतो.

कोर्टात गेलेली प्रेमकथा

भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत एके काळी चंद्रकांत काकोडकर हे नाव सर्वांत जास्त मागितले जाणाऱ्यांपैकी होते. ‘दो रास्ते’ हा १९६९चा हिंदी चित्रपट त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात कथानकाची आणि आक्षेपार्ह म्हटलेल्या मजकुराची बारकाईने चर्चा आहे. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला तो एवढाच की हे वाचून तरुण वाचक बिघडेल काय, आणि त्यांना तसे वाटले नाही.

वाङ्मय म्हणून काकोडकर मला फार पुढे नेत नाहीत. पण लाखो मराठी माणसांना, विशेषतः गृहिणींना, वाचायची सवय अशा लेखकांनी लावली, आणि वाङ्मयेतिहासात त्यांना चार ओळीही मिळू नयेत हे मला पटत नाही. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चेही (१९८२) असेच. तिच्यातली मैत्री जिवंत आहे, प्रेम त्यामानाने फिके. मात्र कॉलेजच्या मुलांच्या तीन पिढ्या ती हातोहात वाचत आल्या आहेत, आणि २०१३च्या चित्रपटाच्या आधीपासून.

‘शाळा’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) नववीतला जोशी शिरोडकरवर प्रेम करतो. तो तिला आडनावाने ओळखतो आणि आपणही पुस्तकभर तिला शिरोडकरच म्हणतो, कारण वर्गात मुली आडनावानेच ओळखल्या जातात. एवढ्याशा तपशिलात त्या वयाचे अंतर आले आहे. काळ आणीबाणीचा. देशात बोलायला बंदी, आणि या मुलाला मुलीशी चार शब्द बोलायचेत. दोन्हींची सांगड बोकील कुठेही अधोरेखित करत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. अडसर आहे तो वयाचा, आणि वयापुढे कुणाचेच काही चालत नाही.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मी या सगळ्यांत शेवटी वाचली आणि ती फार दिवस मनातून गेली नाही. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो. घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. त्याचे नाव आपल्याला कधीच कळत नाही. अर्धे पुस्तक तनय सांगतो, अर्धे अनुजा. माणूस एक, हरवणे एक, पण दुःखे दोन, आणि घराला त्यातले एकच दिसते. अनुजासाठी धावपळ होते, चर्चा होते. तनयला काही झाले आहे हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. कादंबरी आली तेव्हा कलम ३७७ लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये ते समलिंगी संबंधांपुरते रद्द केले. तरी तनयच्या घरातला अडसर कलमाचा नव्हताच. आपल्या मुलाकडे पाहूनही न पाहणाऱ्या प्रेमळ आईवडिलांचा होता, आणि तो कोणत्या निकालाने दूर व्हावा?

अनुजाचा भाग मला किंचित घाईने आवरल्यासारखा वाटला. तनयचा भाग मात्र एकाही शब्दाने बदलू नये असा आहे. जेरी पिंटो यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१३मध्ये आला, त्यामुळे परदेशात वाढलेल्या आणि मराठी वाचू न शकणाऱ्या आपल्या मुलांच्या हातीही ही कादंबरी सहज देता येईल.

सुरुवात कुठून करावी

ज्यांनी यातले काहीच वाचलेले नाही त्यांनी ‘रणांगण’ घ्यावे. एका रविवारी संपते. तरुण वाचकाला ‘शाळा’ द्यावी. आई-मुलीने मिळून वाचायची असेल तर ‘हिंदोळ्यावर’, कारण तिच्यावर बोलण्यासारखे आजही पुष्कळ आहे. फडके अभ्यासापुरते पुरेत.

आणि एक विनंती. गावच्या वाचनालयात जुन्या कादंबऱ्यांची कपाटे अनेकदा कुलूपबंद असतात, वाचक मागत नाही म्हणून. मागा. ‘हिंदोळ्यावर’ किंवा ‘रणांगण’ नाव घेऊन मागा, नसेल तर मागणीच्या वहीत लिहून या. वहीत नोंद झालेली पुस्तके पुढच्या खरेदीच्या यादीत येऊ शकतात.