सत्त्वावजय आणि समुपदेशनाचा छोटा व्यवसाय

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव वा औंढा नागनाथ, तालुका कोणताही असो. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांत एक वर्ग असा असतो की ज्याची नाडी, जिव्हा, कोष्ठ यांची परीक्षा पूर्ण झाली तरी केसपेपरवर व्याधीचे नाव लिहिताना लेखणी अडखळते. ‘झोप येईना, भाकर गोड लागना, छातीत धडधडतंय’ ही त्याची तक्रार. आपण अग्निमांद्य लिहितो, अम्लपित्त लिहितो, अनिद्रा लिहितो आणि तदनुसार कल्प देतो. पंधरा दिवसांनी तोच रुग्ण, तीच तक्रार. चरकाचार्यांनी अतिसारचिकित्सेत भयज व शोकज असे दोन आगंतु अतिसार सांगून त्यांत वातहर क्रियेबरोबर हर्षण व आश्वासन यांचा निर्देश केला आहे. पोटाच्या तक्रारीमागे शोक असू शकतो हे आपल्या शास्त्रास नवीन नाही. परंतु आश्वासन हा चिकित्सेचा भाग मानूनही त्यासाठी वेळ राखून ठेवणारे दवाखाने किती आहेत, हा प्रश्न प्रत्येक वैद्यबंधूने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

या दृष्टीने मानसशास्त्रज्ञांचा छोटा खासगी व्यवसाय कसा चालतो हे पाहणे उद्बोधक ठरते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नव्हे. त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्यास नसतो. त्याच्या खोलीत ना खल असतो ना काढ्याची बाटली. दोन खुर्च्या, बंद होणारे दार आणि साधारण पाऊण तासाची ठरलेली वेळ, एवढीच त्याची सामग्री. रुग्णास पुढच्या आठवड्याची वेळ आधीच दिली जाते. मधल्या दिवसांत करावयाचा काही अभ्यास सांगितला जातो आणि पुढील भेटीत त्याची विचारपूस होते. जे बोलले गेले ते खोलीबाहेर जात नाही. याउलट आपल्याकडे प्लायवुडच्या आडोशापलीकडे चार माणसे बाकावर बसलेली, कंपाउंडर दारात उभा आणि सोबत आलेला दीर वा मेहुणा रुग्णाच्या आधी उत्तर देणारा! अशा स्थितीत एखादी सून आपले दुःख सांगेल ही अपेक्षाच अवास्तव होय.

महाराष्ट्रात ही पद्धत मराठी भाषेत रुजविण्याचे मोठे कार्य ठाण्यात झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली तेथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. ती विश्वस्त संस्था आहे, खासगी दवाखाना नव्हे, आणि आज तिचा व्याप मोठा आहे. तथापि तिच्या कामातून छोट्या व्यवसायाने उचलावी अशी एक गोष्ट आहे. तेथे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते व प्रशिक्षित स्वयंसेवक एकत्र काम करतात आणि उपचाराची भाषा रुग्णाच्या घरातली असते.

या भाषेच्या संदर्भात कि. मो. फडके यांचा उल्लेख आवश्यक ठरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. तिचे मर्म असे की, घटना व भावना यांच्यामध्ये मनुष्याची धारणा उभी असते. ‘भाव मिळाला तर बरे’ ही इच्छा झाली. ‘भाव मिळालाच पाहिजे, न मिळाल्यास माझे जिणे व्यर्थ’ हा हट्ट झाला. पहिलीतून निराशा येते व ओसरते. दुसऱ्यातून मनुष्य खचतो. मराठीत हा सारा भेद ‘च’ या एका अक्षरात सामावतो. आपल्या परिभाषेत धी, धृति व स्मृति यांचा विभ्रंश म्हणजे प्रज्ञापराध, आणि अहितकर विषयांपासून मनास आवरणे म्हणजे सत्त्वावजय. दोन्ही शास्त्रे एकच आहेत असा दावा करण्याचा मोह टाळावा, कारण त्यांची तत्त्वभूमी भिन्न आहे. परंतु सत्त्वावजय प्रत्यक्षात कसा करावा, रुग्णास पहिल्या भेटीत काय विचारावे, तिसऱ्या भेटीत काय, याचा क्रम आपल्या अध्यापनात फारसा शिकविला जात नाही. तो क्रम या मंडळींनी बांधला आहे. तो शिकून घेण्यात कमीपणा नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. हळद काढणीला आली असताना भाव कोसळला, सोयाबीन ऐन काढणीत भिजले, सोसायटीचे व सावकाराचे देणे एकाच महिन्यात आले, तर त्या शेतकऱ्यास ‘तुमचा विचार चुकतो आहे’ असे सांगणे हे क्रौर्य होय. त्याची विपत्ती खरी आहे. अशा वेळी कुशल समुपदेशक कागद घेतो. कोणाचे किती देणे, कोणते आधी, कोणाशी बोलणे शक्य, घरात हे कोणास माहीत आहे, हे त्याच्याकडूनच लिहवून घेतो. डोक्यात घोंघावणारे संकट कागदावर आले की त्यास काठ मिळतो.

हे शहरातील शिकलेल्या मंडळींपुरतेच चालते, असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. आपल्यासारख्याच कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविला गेला. गावातील आरोग्य कार्यकर्ती, तिच्या पुढे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची चढती रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी पूर्वी केवळ ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदतीस गेले होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या जिल्ह्याचाही विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात समावेश होता व त्याची भिस्त आशा कार्यकर्तींवर होती. म्हणजे गावात प्रथम कोणाशी बोलले जाते यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते, आणि अनेक गावांत तो ‘कोणी’ म्हणजे आपला वैद्यच असतो.

म्हणून काही गोष्टी त्यास यावयासच हव्यात. पहिली, मरणाचा विचार मनात येतो काय हे रुग्णास एकांतात, सरळ शब्दांत विचारणे. विचारल्याने तो विचार रुजतो हा समज निराधार आहे. उलट बहुतेकांना ओझे उतरल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटे सोडू नये, आणि घरातील जबाबदार माणसास बोलावून फवारणीचे औषध घरातून हलविण्यास सांगावे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले, हे येथे लक्षात घ्यावे. तीव्र क्षण टळला की मनुष्य पुष्कळदा वाचतो. त्यानंतर जिल्हा रुग्णालय वा नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग येथे त्यास चिठ्ठी देऊन, शक्य तर आधी दूरध्वनी करून पाठवावे. १४४१६ हा टेली-मानसचा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो दवाखान्यात व औषधी दुकानात लावलेला असावा. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपविणाऱ्या कुटुंबांस हेही सांगावे की, जुन्या दंडविधानातील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही.

औषधी विक्रेते बंधूंसाठी दोन शब्द विशेष महत्त्वाचे. झोपेसाठी म्हणून सर्पगंधा घनवटी चिठ्ठीविना मागितली जाते आणि दिलीही जाते. सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाबातील गुण गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली जगापुढे मांडला, हे आपल्या अभिमानाचे खरेच. परंतु तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य विषादाच्या रुग्णात विषाद वाढवू शकते, म्हणूनच उदास रुग्णास ते वर्ज्य मानले आहे. झोप न येणाऱ्यांत विषादाचे रुग्ण किती असतात हे आपण जाणतोच. चिठ्ठीविना ही वटी देऊ नये. सारस्वतारिष्टाविषयीही विवेक हवा. अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिरम घेणाऱ्यास तो अपायकारक ठरू शकतो. मनोविकारतज्ज्ञाने सुरू केलेली लिथियमसारखी औषधे ‘आयुर्वेदिक सुरू झाले’ म्हणून रुग्णाने परस्पर बंद करू नयेत, हे बिल करतानाही सांगता येते.

कायद्याने आपणांस एक दारही उघडून दिले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधराचा समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीधर त्यात येत नाही, ही मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. आपल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठविताना कायचिकित्सा व पंचकर्म यांपलीकडे या विषयाकडेही पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

राहिला प्रश्न अर्थकारणाचा, आणि तोच खरा अडसर आहे. आपल्या भागात रुग्ण पुडीचे पैसे देतो, बोलण्याचे देत नाही. त्यामुळे बोलण्याचा मोबदलाही पुडीतच बांधला जातो व गरज नसलेली औषधे वाढतात. यावर उपाय म्हणून आठवड्यातील एखादी दुपार वेगळी राखावी. चार रुग्ण, प्रत्येकास पाऊण तास, शुल्क आधी सांगितलेले व परवडणारे, त्या वेळी औषधविक्री नाही आणि सोबत्याने बाहेर बसायचे, अशी व्यवस्था ठेवावी. नांदेड वा परभणीचे मानसशास्त्रज्ञ महिन्यातून एकदा येण्यास तयार असल्यास दोघातिघा वैद्यांनी मिळून त्यांना एक खोली द्यावी. बाजाराच्या दिवशी ती दुपार ठेवल्यास खेड्यावरच्या माणसास वेगळे भाडे पडत नाही, आणि तो कोणाकडे कशासाठी गेला हे गावात कोणी विचारीत नाही.