घड्याळावरचा चरा आणि पॉलिश पेपरचे नंबर



स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आठवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली आणि रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ तिनं टेबलावर ठेवलं. मुलाला नाटकात साहेबाचं काम होतं. म्हणून तो कुणाला न सांगता आजोबांचं घड्याळ घालून आला आणि पडदा ओढताना त्याचा हात स्टेजच्या लोखंडी पाइपावर घासला. घड्याळाच्या डाव्या कुशीवर दीड सेंटिमीटरचा चरा पडला होता. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेलेले. "सर, रात्री जेवला नाही तो. हा चरा जाईल का हो?"

"जाईल, त्यात काय!" असं म्हणून टाकणं सोपं होतं. मी म्हटलं नाही, कारण पूर्वी मी माझ्या हातानं एका घड्याळाची वाट लावलेली आहे. ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरी असं काही झालं तर आधी काय बघायचं ते कळेल.

माझ्याकडे एक जुनी एचएमटी होती. (एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांच्या हातावर तेच घड्याळ असायचं.) तिच्या कडेवर चरा होता. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. पाच मिनिटांत चरा गेला आणि त्याच्या जागी पिवळा डाग दिसू लागला. तो डाग म्हणजे आतलं पितळ! घड्याळाच्या मागे इंग्रजीत 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण 'बॅक' या शब्दाकडे लक्ष दिलं नव्हतं. फक्त मागचं झाकण स्टीलचं होतं. बाकी केस पितळेची आणि तिच्यावर निकेल-क्रोमचा मुलामा.

म्हणून पहिली गोष्ट, धातू ओळखा. मागे 'ऑल स्टेनलेस स्टील' किंवा नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर बहुधा पूर्ण केस स्टीलची असते. 'स्टेनलेस स्टील बॅक' किंवा 'बेस मेटल' असं असेल तर मुलामा आहे असं धरून चाला. पट्टा काढून तो अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला बघा. तिथे मनगटाचा घाम आणि पट्ट्याचं घर्षण असतं, त्यामुळे मुलामा असेल तर तिथे तो आधी उडतो आणि पिवळं दिसतं. लोहचुंबकानं मात्र निवाडा होत नाही. मुलं हमखास तेच सुचवतात. पण घड्याळात वापरतात ते स्टील लोहचुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, आणि पितळ तर चिकटतच नाही.

मुलाम्याचं घड्याळ घासू नका. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये असते, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चरा त्याहून खोल असेल तर चऱ्याच्या तळाला पितळ उघडं पडलेलंच असतं, आणि आपण घासून उरलेला थरही घालवतो. शिवाय क्रोम गेल्यावर खालचं निकेल कातडीला लागतं आणि काहींना त्यानं खाज सुटते, पुरळ उठतं. अशा घड्याळाला दोनच मार्ग. चऱ्यासकट वापरणं, नाहीतर मशीन बाहेर काढून केसला नव्यानं मुलामा देणं. काळा किंवा रंगीत लेप दिलेल्या घड्याळांनाही हेच लागू.

त्या मुलाच्या आजोबांचं घड्याळ सुदैवानं पूर्ण स्टीलचं निघालं.

आता मुळात चरा म्हणजे काय ते पाहू. वर्गात विचारलं तर मुलं सांगतात, "सर, तेवढा धातू निघून गेला." हे अर्धंच खरं. ओल्या शेतातून नांगर गेला की मध्ये सरी पडते आणि दोन्ही बाजूंना मातीचे वरंबे उभे राहतात. धातूचं तसंच होतं. काही कण निघून जातात, पण बराचसा धातू बाजूला सरकून चऱ्याच्या दोन्ही काठांवर उभा राहतो. नख फिरवलं की खटकतो तो पुष्कळदा हा वरंबाच असतो. म्हणून नुसते काठ उतरवले तरी चरा निम्मा झाल्यासारखा दिसतो. काही कारागीर गुळगुळीत, कठीण पोलादी दांडीनं हे काठ दाबून परत सरीत ढकलतात. त्यात धातू अजिबात कमी होत नाही, पण हात बसलेला लागतो.

सरी उरतेच. ती भरून येत नाही आणि आपण ती भरतही नाही. आपण आजूबाजूचं सगळं शेत सरीच्या तळापर्यंत खाली आणतो. चरा काढणं म्हणजे हेच. याचं एक गणित मी फळ्यावर मांडलं. घड्याळाची कूस सपाट होती, साधारण २५ मिमी लांब आणि ५ मिमी रुंद. चरा वहीच्या पानाच्या जाडीइतका, म्हणजे ०.१ मिमी खोल धरला. २५ गुणिले ५ गुणिले ०.१, झाले १२.५ घन मिलिमीटर. या स्टीलची घनता ८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे उडवायचं स्टील किती? ०.१ ग्रॅम. मुलांना ते फारच थोडं वाटलं. हातानं घासून ते उडवताना तासभर गेला, तेव्हा पटलं.

एवढा खोल चरा पूर्ण काढायचा का, हा प्रश्न इथेच येतो. दर वेळी घड्याळ तेवढं झिजतं. कडा गोल होतात, मूळ घाट जातो. जुनी घड्याळं जमवणारे लोक चरे असलेलं पण न घासलेलं घड्याळ पसंत करतात, ते यामुळेच. फार खोल खड्डा असेल तर दुसरा उपाय असतो. त्याच जातीच्या स्टीलची बारीक तार लेझरनं वितळवून खड्डा भरतात आणि मग घासून समपातळीत आणतात. ते यंत्र असलेल्या कारागिराचंच काम आहे. एम-सील किंवा तसला लेप भरून मात्र उपयोग नाही. त्याला धातूची चमक येत नाही आणि तो डाग चऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

टूथपेस्टचा उपाय तुम्हीही ऐकला असेल. त्या आईनंही आदल्या रात्री तो करून पाहिला होता. तो का चालत नाही, हे कळलं की पॉलिश पेपरचं शास्त्रही कळतं. १८१२ साली फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञानं काठिण्याची एक श्रेणी मांडली, १ वर शंखजिरं आणि १० वर हिरा. नियम सोपा आहे, जास्त कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थाला ओरखडतो. स्टेनलेस स्टील या श्रेणीत साडेपाच-सहाच्या आसपास येतं. पुष्कळ टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्याचं काठिण्य ३. ते स्टीलला काय करणार! जुन्या घड्याळांची प्लास्टिकची काच त्यानं उजळते, बहुधा तिथूनच हा उपाय पसरला असावा. उलट वाळूत असतं क्वार्ट्झ, काठिण्य ७. स्टेजच्या पाइपाला सिमेंट-वाळू चिकटलेली होती, तिनं चरा पाडला. स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यातही क्वार्ट्झ असतं. घड्याळ घालून ओटा पुसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. काळ्या वॉटर पेपरवर असतं सिलिकॉन कार्बाइड, काठिण्य ९ च्या वर.

या पेपरच्या मागे नंबर छापलेला असतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ४०० नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी ३५ मायक्रॉनचा, ८०० चा सुमारे २२ चा, २००० चा सुमारे १० चा. (नंबराआधी इंग्रजी 'पी' असेल तर हे आकडे.) खरं तर चरा आपण 'पुसत' नाहीच. एका मोठ्या चऱ्याच्या जागी हजारो लहान चरे पाडतो, मग त्यांच्या जागी आणखी लहान, असं करत जातो. शेवटी ते इतके बारीक होतात की प्रकाश विखुरला जात नाही. अनियमित परावर्तनाकडून नियमित परावर्तनाकडे जाण्याचा हा प्रवास मुलांना डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी घरातला जुना स्टीलचा चमचा घ्या. एका भागावर ४००, शेजारी ८००, त्याच्या शेजारी २००० घासा आणि खिडकीकडे धरा. आम्ही त्या मुलाला आधी दोन दिवस चमच्यावरच बसवलं होतं.

मग प्रत्यक्ष काम. गावातल्या घड्याळजींनी मशीन आणि डायल काढून रिकामी केस दिली. हे जरूर करा. मशीन आत ठेवून ओल्या पेपरनं घासलं तर पाणी जाईल, कोरडं घासलं तर चावीच्या भोकातून पूड जाईल. काचेवर आणि वरच्या रेघी फिनिशवर मास्किंग टेप लावली. पेपर हातात धरून केसवर फिरवायचा नाही, बोटाचा दाब कडांवर जास्त पडतो आणि त्या गोल होतात. सपाट काचेच्या तुकड्यावर पेपर चिकटवून केसच त्याच्यावर घासायची. कूस वक्र असेल तर आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळा.

पाण्याचे दोन थेंब टाकून ४०० नं सुरुवात केली, एकाच दिशेनं. चरा जवळपास जाईपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो, आणि सगळ्यांचा धीरही इथेच सुटतो. मग ६०० चा पेपर, पण आधीच्या दिशेला काटकोनात. आता आडव्या रेघांत एकही उभी रेघ दिसली तर ती ४०० ची राहिलेली आहे, म्हणजे अजून घासायचं. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची आणि मध्ये केस धुवायची. ४०० चा एक कण जरी २००० च्या पेपरवर आला तरी सगळी मेहनत वाया! २००० नंतर मऊ कापडावर हिरव्या पॉलिशची वडी घासून चमक आणली. ज्यांच्या घड्याळाची कूस रेघी फिनिशची आहे त्यांनी इतकं पुढे जाऊ नये. मूळ रेघांच्या दिशेनं एकाच नंबरचा पेपर सरळ ओढावा, पुढे-मागे करू नये. आणि ड्रिलला बफ लावून हे काम मुलांकडून करून घेऊ नका. केस हातातून उडते, बोटाला नाहीतर डोळ्याला लागते.

मध्येच मुलानं विचारलं, "सर, वरचा थर गेला, आता गंजणार नाही का?" चऱ्यात त्याला तांबूस रंग दिसला होता. तो घड्याळाचा गंज नव्हता, पाइपाचं लोखंड तिथे घासून राहिलं होतं. स्टेनलेस स्टीलवर मुलामा नसतो. त्याच्यात क्रोमियम मिसळलेलं असतं, घड्याळाच्या नेहमीच्या जातीत १६ ते १८ टक्के. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. तो घासला गेला की लगेच पुन्हा धरतो. हिरव्या पॉलिशमध्येही क्रोमियम ऑक्साइडच असतं, हे ऐकून त्याला गंमत वाटली. काळजी एकच घ्यायची, लोखंडावर वापरलेला पेपर किंवा तारेची घासणी वापरायची नाही. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात.

चऱ्याचं एक टोक पट्ट्याच्या कानाजवळ जास्त खोल होतं. ते काढायला गेलो असतो तर कानाची कड पातळ झाली असती. मी थांबलो आणि आईला फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. बाबांनीही ते घालून विहिरीवरची कामं केलीत, तिकडच्या बाजूला त्यांचेही ओरखडे आहेत." उजव्या बाजूला आम्ही हात लावला नाही.

केस साबणाच्या पाण्यात जुन्या मऊ ब्रशनं धुतली, पुसली, रात्रभर वाळवली आणि मग घड्याळजींकडे दिली. त्यांनी मशीन बसवताना मागच्या झाकणाखालचं रबराचं रिंगण नवीन घातलं, जुनं कडक झालं होतं. तुम्हीही ते बदलून घ्या. पट्टा लावताना पिनेची दोन्ही टोकं कानांच्या भोकांत टक् करून बसली ना ते बघा आणि हातात घालण्याआधी पट्टा हलकेच ओढून पाहा. पिन नीट बसली नसेल तर घड्याळ फरशीवर पडेल आणि तुम्हाला पुन्हा ४०० नंबरपासून सुरुवात करावी लागेल.