वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

लेखमाला : छोट्या धंद्याचा संगणक – भाग ६

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे संगणक बंद पडले. कुठला कंटेनर कोणाचा, तो यार्डात कुठे रचलाय, कुठल्या ट्रेलरवर चढवायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गेली. ट्रेलरच्या रांगा लागल्या आणि जी कामे पडद्यावर व्हायची ती कागदावर करायची वेळ आली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या भागीदारीतले. त्या दिवशी मर्स्कच्या जगभरातल्या कार्यालयांत हेच घडत होते.

कारण होते ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम. मर्स्कवर कोणी नेम धरला नव्हता. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणा यासाठी एम-ई-डॉक हे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जायचे. ते बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले आणि अपडेटच्या वाटेने नॉटपेट्या ग्राहकांकडे पोचला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर होते, आणि जगभरच्या कार्यालयांत शिरायला तेवढे पुरले. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागणारा मजकूर झळकायचा. पण पैसे भरूनही हाती काही लागणार नव्हते, कारण बंद केलेल्या फायली पुन्हा उघडण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

या भागासाठी महत्त्वाचा आहे तो पुढचा प्रसंग. कुठला कर्मचारी कोण आणि त्याला कुठल्या यंत्रणेत शिरायची परवानगी आहे, याची नोंद मर्स्ककडे सुमारे दीडशे सर्व्हरवर होती. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. पण सगळे एकाच नेटवर्कवर जोडलेले असल्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला फक्त घानातला एक. तिथली वीज हल्ल्याच्या आधीच गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून ती डिस्क विमानाने आधी नायजेरियाला नेली गेली आणि तिथल्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती देऊन इंग्लंडला पोचवली गेली. त्या एका डिस्कवरून पुढची उभारणी झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले गेले. नुकसानीचा कंपनीने दिलेला अंदाज होता ३० कोटी डॉलरपर्यंत.

न्हावा शेवापासून भाईंदरजवळच्या उत्तन या किनाऱ्यावरच्या गावाचे हवाई अंतर चाळीसेक किलोमीटर. पाली, चौक, पातान बंदर, भाटेबंदर या पट्ट्यात मच्छीमार सोसायट्या आहेत, बर्फवाले आहेत, मासळीचे व्यापारी आहेत, इंजिनदुरुस्तीची गॅरेजे आणि किराणा दुकाने आहेत, गोराईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिसॉर्ट आहेत. दीडशे सर्व्हर यांतल्या कोणाकडेच नाहीत. एक संगणक असतो, फार तर दोन. पण त्या एकात काय काय साठलेले असते, ते एकदा नीट पाहायला हवे.

सोसायटीचेच घेऊ. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, आणि तो मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. कुठल्या बोटीने कुठल्या तारखेला किती लिटर उचलले, कोटा किती उरला, ही नोंद सोसायटीच्या संगणकात. सभासदांचे भागभांडवल, बोटीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते, बोटीचे रजिस्ट्रेशन, मासेमारी परवाना, विमा, आधार आणि पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती हे सगळेही तिथेच. ही नोंद गेली तर परताव्याचे काम रखडते. अडकतो तो पैसा नाखव्याचा. एका फेरीला लागणारे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च रोख मोजणाऱ्या माणसाला महिनाभराचा उशीरही परवडत नाही. म्हणून छोट्या कार्यालयातला हा डेटा बड्या कंपनीच्या डेटापेक्षा कमी मोलाचा समजणे चूक आहे. मर्स्ककडे दहा दिवस शेकडो तंत्रज्ञ राबवायची ताकद होती. सोसायटीकडे असतो एक हिशेबनीस, तोही बऱ्याचदा अर्धवेळ.

आता त्या हिशेबनिसाच्या टेबलाकडे. खाली सीपीयू, त्याच्या पुढच्या खाचेत खोचलेला पेनड्राइव्ह. बॅकअप कुठे आहे असे विचारले की बोट त्याच पेनड्राइव्हकडे जाते. तो महिनोन्महिने तिथून निघालेला नसतो. खाऱ्या हवेने त्याच्या धातूच्या तोंडावर तांबूस डाग धरलेले असतात. रोज संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बॅकअप त्याच्यावर जातो, आणि काम चोख झाले अशी सगळ्यांची समजूत असते. अशी कार्यालये एकट्या उत्तनमध्ये आहेत असे नाही. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत डोकावले तरी हेच चित्र दिसेल.

रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, आत शिरला की नेमके काय करतो हे समजले म्हणजे या पेनड्राइव्हचा दोष कळतो. तो आधी विंडोजने स्वतः राखून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतो. मग संगणकाला दिसणारी प्रत्येक जागा धुंडाळतो : सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, शेजारच्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर आणि खोचलेला पेनड्राइव्ह. टॅलीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तो त्याला एका क्षणात सापडतो. फायली जागच्या जागी राहतात, पण त्यांच्या नावापुढे विचित्र शेपूट लागते आणि त्या उघडत नाहीत. मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच झटक्यात जातात. गूगल ड्राइव्हचे फोल्डर संगणकाशी सतत जुळवून ठेवले असेल तर बिघडलेली फाइल वरही चढते आणि चांगलीच्या जागी बसते. तिथे एक आधार आहे : अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या गूगल साधारण ३० दिवस ठेवते. पण तेवढ्यात लक्षात यायला हवे, आणि एकेक फाइल मागे नेण्याचा धीरही हवा.

हा प्रोग्राम शिरतो कुठून? छोट्या कार्यालयांत सगळ्यात जास्त वापरातली वाट म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर. विंडोज किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून देणारी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना तिच्यासोबतच असते, आणि माणूस ती मुकाट पाळतो. ‘स्टॉप’ नावाचे रॅन्समवेअर कुळ मुख्यतः अशाच फायलींच्या पोटातून जगभर पसरले. दुसरी वाट रिमोट डेस्कटॉपची. अकाउंटंट घरून काम करतो म्हणून संगणक थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला, आणि पासवर्ड सोसायटीच्या नावापुढे १२३. असे उघडे संगणक शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात. उत्तन कुठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नसते. तिसरी वाट ई-मेलला जोडून आलेल्या ‘इनव्हॉइस’ची, तिच्याबद्दल मागच्या एका भागात सविस्तर आले आहे.

अँटिव्हायरस हवाच. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. साताऱ्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंपैकी कैलास यांचे पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे काम होते. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून धाकट्या संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. विंडोजमध्ये आता डिफेंडर आपसूक येतो, आणि तो चालू ठेवला तर चांगले काम करतो. पण विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत, आणि अनेक कार्यालये अजून त्यावरच आहेत. शिवाय नव्याने आलेला प्रोग्राम पहिल्या काही तासांत कोणत्याही अँटिव्हायरसच्या नजरेतून सुटू शकतो. त्या वेळी उपयोगी पडते ती वेगळी ठेवलेली प्रत.

त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांची ऑनलाइन कामे ठप्प झाली. पाचशे कोटींच्या खंडणीच्या बातम्याही आल्या. महामंडळाने मात्र सांगितले ते असे, की बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेला होता आणि त्याला लागण झालेली नाही. घानात जे वीज गेल्यामुळे आपोआप घडले, ते इथे ठरवून केलेले होते.

उत्तनच्या सोसायटीला किंवा दुकानाला हे करायला फार खर्च नाही. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात. एकीवर ‘सोम’ आणि दुसरीवर ‘गुरू’ अशी चिठ्ठी चिकटवावी. सोमवारी पहिली जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढायची आणि सेक्रेटरीच्या घरी कपाटात ठेवायची. गुरुवारी दुसरी. दोन्ही एकाच वेळी संगणकाला कधीही जोडायच्या नाहीत. सोमवारी लागण झाली तरी गुरुवारची सुटलेली असते, जास्तीत जास्त चार दिवसांच्या नोंदी पावतीपुस्तकावरून पुन्हा भराव्या लागतील. या डिस्कवर सभासदांचे आधार आणि पासबुक असते, म्हणून तिला पासवर्ड हवा, आणि तो दोन माणसांना माहीत हवा. किनाऱ्यावर डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावी. खारी हवा यूएसबीची टोके खाते आणि जून-जुलैतला दमटपणा उरलेले काम करतो. घरी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. असे वादळ पत्रे उडवते, पाणी आत आणते, आणि ते मूळ आणि प्रत असा भेद करत नाही.

ज्यांना हे जास्तीचे काम वाटते त्यांच्यासाठी कायद्याची बाजू. जीएसटीच्या नियमावलीतला नियम ५७ सांगतो की हिशेब संगणकावर ठेवत असाल तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने तो नष्ट झाल्यास वाजवी वेळेत परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवला पाहिजे. आणि हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. हा नियम फारच थोड्या दुकानदारांना कोणी सांगितलेला असतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. बॅकअप घेतला जातो, पण तो परत उघडून पाहिला जात नाही. टॅलीप्राइममध्ये हे पाच-दहा मिनिटांत होते. डिस्क जोडावी, डेस्कटॉपवर ‘चाचणी’ नावाचे नवे फोल्डर करावे, वरच्या डेटाच्या मेन्यूतून रिस्टोअर निवडावे आणि बॅकअप त्या नव्या फोल्डरमध्ये उतरवावा. मूळ फोल्डरमध्ये चुकूनही उतरवू नये, नाहीतर चालू हिशेबावर जुना हिशेब बसेल. मग ती कंपनी उघडून शेवटच्या दिवसाचे एक व्हाउचर पावतीशी ताडून पाहावे. रक्कम जुळली की तारीख टाकून हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर सही करावी. कितीतरी कार्यालयांत पहिल्याच चाचणीला कळते की बॅकअप भलत्याच फोल्डरचा निघत होता, किंवा मागच्या आर्थिक वर्षाचाच निघत होता.

उत्तनमध्ये या कामाला हंगामही ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी विणली आणि सांधली जातात, इंजिने खोलली जातात. त्याच दोन महिन्यांत संगणकाचेही काम उरकता येते : जुने विंडोज बदलणे, गेलेल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड बंद करणे, रिमोट डेस्कटॉप बंद करणे किंवा दुहेरी पडताळणीमागे ठेवणे, आणि ही रिस्टोअरची चाचणी.

आणि एखाद्या सकाळी फायलींना शेपूट लागलेले दिसलेच तर? आधी नेटवर्कची तार काढावी, वायफाय बंद करावे. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला जोडू नये. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो आणि शेवटची प्रतही गमावतो. खंडणीच्या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढावा. दुरुस्तीवाला लगेच फॉरमॅट मारायला निघतो, त्याला थांबवावे. बिघडलेली डिस्क काढून जपून ठेवावी, कारण आज न उघडणाऱ्या फायलींची किल्ली पुढे मिळू शकते. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला, तिथे अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. उत्तन सागरी पोलीस ठाणे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येते, तिथेही लेखी तक्रार द्यावी. विम्याला आणि लेखापरीक्षकाला त्या तक्रारीची प्रत लागते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिलाही कळवायचे असते.

पुढच्या आठवड्यात : ओळखीच्या व्यापाऱ्याच्या ई-मेलवरून आलेले, बँक खात्याचा नंबर बदललेले बिल.