रस्त्यांचा अर्थसंकल्प आणि प्रवाशांची सुरक्षितता

दिनांक २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरील, ब्रिटिश राजवटीत बांधलेला दगडी कमानींचा पूल त्या पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या राज्य परिवहनाच्या दोन गाड्या आणि अन्य वाहने अंधारात नदीच्या पात्रात कोसळली. अनेक कुटुंबांवर त्या रात्री घाला पडला. त्यानंतर १६५ दिवसांत तेथे नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला.

नव्या पुलाची ही कामगिरी निःसंशय गौरवास्पद होती. परंतु तिच्यातूनच एक प्रश्न उभा राहतो. दुर्घटनेनंतर पैसा, यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ इतक्या त्वरेने उभे करता येते, तर जुन्या बांधकामांची वेळीच पारख व डागडुजी करण्यासाठी ते आधीच का राखून ठेवता येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीइतकेच अर्थसंकल्पातही शोधावे लागते. म्हणून वाहतुकीसाठी पैसा कोठून येतो, तो कसा वाटला जातो आणि सुरक्षिततेच्या वाट्याला त्यातील काय येते, हे प्रत्येक लोकप्रतिनिधीने व शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅ. जयकरांची समिती

रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही आणि त्याच्या उगमाशी एका मराठी विधिज्ञाचे नाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढू लागली. पण रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारे आणि स्थानिक मंडळे यांच्यावरच होता. तो त्यांना पेलवेना. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. रस्ते ही आता राष्ट्रीय महत्त्वाची बाब झाली असून त्यांचा काही भार मध्यवर्ती सरकारने उचलला पाहिजे, असे या समितीने सांगितले. मोटारीच्या पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीच वापरावा, ही तिची प्रमुख शिफारस होती. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे, हे त्यामागील साधे तत्त्व होते.

पुढे १९४३ मध्ये प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. तेथे तयार झालेली योजना ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या योजनेने दृढ केली. आजही कोणत्या रस्त्याचा खर्च कोणी करावयाचा, हे मुख्यतः या वर्गवारीवरून ठरते. राष्ट्रीय महामार्ग केंद्र शासनाकडे, राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, अशी आपल्या राज्यातील सर्वसाधारण विभागणी आहे.

केंद्रीय रस्ते निधीला २००० साली स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून राष्ट्रीय महामार्ग, राज्य रस्ते, ग्रामीण रस्ते आणि रेल्वे फाटकांवरील पूल यांना वाटा देण्याची व्यवस्था त्यात होती. २०१८ मध्ये या निधीची व्याप्ती वाढवून त्याला ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ असे नाव देण्यात आले.

तरतुदीचा प्रवास

अर्थसंकल्पातील आकडा एका दिवसात तयार होत नाही. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर प्रत्येक मंत्रालय आपले अंदाज तयार करते व वित्त मंत्रालयाशी चर्चा होते. संविधानाच्या अनुच्छेद ११२ अन्वये वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे मांडले जाते. त्यानंतर स्थायी समित्या अनुदानांच्या मागण्या तपासतात, लोकसभा त्या मंजूर करते आणि विनियोजन विधेयक संमत झाल्यावरच भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येतो. वर्ष संपल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक खर्चाची तपासणी करतात आणि लोकलेखा समिती त्यावर विचार करते.

रेल्वेची अर्थव्यवस्था मात्र दीर्घकाळ वेगळी होती. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार १९२४ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प मांडला जाऊ लागला. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्यामुळे रस्ते आणि रेल्वे यांचा एकत्रित विचार करणे सुलभ झाले आहे.

तरतुदींचे आकारमानही अलीकडे पुष्कळ वाढले आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयासाठी सुमारे २ लाख ७० हजार कोटी रुपये आणि रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी २ लाख ४० हजार कोटी रुपये ठेवण्यात आले होते.

बांधणे आणि राखणे

हे आकडे वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. नवा महामार्ग, नवा पूल, नवा लोहमार्ग हा भांडवली खर्च होय. खड्डे बुजविणे, मोऱ्या साफ करणे, पुलांची तपासणी करणे, फलक व पट्टे रंगविणे हा बहुतांशी महसुली खर्च असतो. तूट कमी करावयाची वेळ आली की कात्री प्रथम महसुली खर्चाला लागते. नव्या कामाचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते. साफ केलेल्या मोरीचे उद्घाटन कोणी करीत नाही.

कोकणातील शेतकरी पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी करतो. त्या वर्षी पैशाची ओढ असली तरी तो ती चुकवीत नाही. कारण एका पावसाळ्याची शाकारणी चुकली तर पुढे वासेच बदलावे लागतात, हे त्याला ठाऊक असते. रस्त्याचेही तसेच आहे. पृष्ठभागावरील भेगेतून पाणी आत शिरले की खालचा थर खचतो आणि किरकोळ डागडुजीचे काम संपूर्ण पुनर्बांधणीवर जाते.

या दृष्टीने २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने एक चांगला पायंडा पाडला. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पुढील पाच वर्षे त्याच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली. ती मुदत संपल्यानंतर मात्र राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला स्वतःची तरतूद करावी लागते, हे पंचायत सदस्यांनी विसरू नये. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर २०१६ मध्येच राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची नोंद व स्थिती एकत्र ठेवणारी पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. कोणता पूल किती जुना व किती दुबळा हे कागदावर आले, तरच त्याच्यासाठी पैसा मागता येतो.

सुरक्षिततेचा वाटा

२०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के आहे. पण सुमारे ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की वेग वाढतो. त्याच्या बरोबरीने दुभाजक, सेवारस्ते, पादचाऱ्यांसाठी पूल आणि योग्य वळणे आली नाहीत, तर सोयच संकट होऊन बसते. म्हणूनच सुरक्षितता हा मागाहून जोडावयाचा खर्च नव्हे. मूळ आराखड्यातच तिची तरतूद असली पाहिजे.

पैसा असला तरी तो नेमक्या कामावर खर्च होतो काय, हा दुसरा प्रश्न. रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये गुंतविण्याची शिफारस केली. २०१७-१८ मध्ये एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष पाच वर्षांसाठी स्थापन झाला. ब्रॉडगेज मार्गावरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद झाली, हे या काळातील ठळक यश होय. तथापि महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात दाखवून दिले की, रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून कोषात द्यावयाची रक्कम पूर्णपणे दिली गेली नाही आणि अग्रक्रम नसलेल्या कामांवरील खर्चाचे प्रमाण वाढले. पुढे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात भीषण रेल्वे अपघात झाला. त्याच्या चौकशीत सिग्नल यंत्रणेच्या कामातील त्रुटी पुढे आल्या. तरतुदीइतकीच कामातील शिस्त महत्त्वाची आहे, हा त्याचा अर्थ.

आपण काय करू शकतो

दिल्लीतील अर्थसंकल्पाशी गावाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण ‘अपघातप्रवण स्थळ’ मानले जाते. तेथील सुधारणेसाठी निधी मागता येतो. परंतु ही गणना पोलीस ठाण्यातील नोंदीवरून होते. जो अपघात आपसांत मिटविला जातो तो नोंदीत येत नाही आणि ते वळण कागदोपत्री निर्धोकच राहते.

म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील धोक्याची वळणे, खचलेल्या मोऱ्या, कठडे नसलेले पूल आणि शाळेसमोरील ओलांडणीच्या जागा यांची यादी करावी. प्रत्येक रस्ता कोणत्या यंत्रणेकडे आहे हे तीत लिहावे. ग्रामसभेच्या ठरावासह ती यादी संबंधित विभागाकडे व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावी. आणि ती पावसाळा संपताच पाठवावी, कारण पुढील वर्षाचे अंदाज त्याच सुमारास तयार होतात. फेब्रुवारीत केलेली मागणी बहुधा एक वर्ष मागे पडते. सदोष आराखडा किंवा देखभालीतील कसूर यांमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे, हेही माहीत असावे. जखमीला मदत करणाऱ्या सज्जनास त्याच दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविली, तर अपघातस्थळी माणसे मदतीस कचरणार नाहीत.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रस्ता एका ओळीचा असतो. गावात तो मुलांच्या शाळेचा, बाळंतिणीच्या दवाखान्याचा आणि शेतमालाच्या बाजाराचा असतो. या दोहोंमधील अंतर कमी करणे, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांचेही काम आहे. पुढील पावसाळ्याची शाकारणी यंदाच्या अंदाजपत्रकात आहे की नाही, एवढे जरी आपण दरवर्षी विचारीत राहिलो, तरी पुष्कळ साधेल.