मुरघासाची परीक्षा

दिवाळें येथील कोळीवाड्यांतील मुलांस आम्हीं एकदां विचारिलें कीं, एक किलो ओले बोंबील व एक किलो सुके बोंबील, यांपैकीं अन्न अधिक कशांत? मुलें हंसलीं. “सुक्यांत! ओल्यांत सगळें पाणीच,” असें तत्काळ उत्तर आलें. गाईच्या मुरघासाची परीक्षा कशी करावी, हें या उत्तरांत पुष्कळसें आलें आहे.

हिरव्या मक्याची कुट्टी खड्ड्यांत अथवा पिशवींत दाबून भरून, हवा लागूं न देतां आंबविली म्हणजे मुरघास होतो. सूक्ष्म जंतु मक्यांतील साखरेचें दुग्धाम्ल करितात व त्या आंबटपणामुळें चारा कित्येक महिने टिकतो. चांगल्या मुरघासाचा सामू सुमारें ३.८ ते ४.२ असतो.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील आमच्या एका आप्ताच्या गाईंचें दूध एका पावसाळ्यांत एकाएकीं घटलें. प्रत्येकीस रोज २० किलो मुरघास तोलून मिळत होता. तोलांत चूक नव्हती. परंतु आधींचा मका दाणा भरल्यावर कापलेला, शेंकडा ३५ भाग कोरडा. नव्या पिशवींतील कोंवळा व भिजलेला, जेमतेम शेंकडा २५. म्हणजे ७ किलोंच्या जागीं ५ किलोच अन्न पोटांत जाऊं लागलें. आणि घरांत मात्र गाय विकण्याची भाषा चालली होती!

हें ओळखण्यास मोठें यंत्र नको. १०० ग्रॅम मुरघास मंद आंचेवर, करपूं न देतां, वजन घटण्याचें थांबेपर्यंत वाळवावा. उरलेले ग्रॅम हाच कोरडा अंश. नवी पिशवी फोडतांना व पाऊस लागल्यावर हें अवश्य करावें. घाईंत असल्यास मूठभर कुट्टी घट्ट आवळून पाहावी. पाणी टपकलें तर ती फारच ओली. मूठ उघडतांच विखुरली तर फार कोरडी, व अशी कुट्टी नीट दाबली जात नाहीं.

नाकाचीही साक्ष घ्यावी. सौम्य आंबट वास चांगला. खवट लोण्यासारखा वाईट. तपकिरी रंग व तंबाखूसारखा गोडसर वास फसवा असतो. गाय असा चारा आवडीनें खाते, पण उष्णतेनें त्यांतील प्रथिनें पचनास निरुपयोगी झालेलीं असतात. मक्याच्या मुरघासाच्या कोरड्या अंशांत प्रथिनें साधारणतः शेंकडा ७ ते ९ असतात. तीं मात्र प्रयोगशाळेंतच कळतात. त्यासाठीं नमुना पांचसहा ठिकाणचा घेऊन हवाबंद पाठवावा.

बुरशी दिसली तर तो भाग व त्यालगतचा चाराही टाकून द्यावा. त्यांत काटकसर नको. कांहीं बुरशींचें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष गाईच्या पोटांतून रूप पालटून दुधांत उतरतें, आणि दूध उकळल्यानें तें जात नाहीं. एक किलो दुधांत तें अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें, असा आपल्याकडील नियम आहे. आमच्या आप्तांनीं आतां गोठ्यांत एक लहान तराजू व वही ठेविली आहे. ती गाय अद्याप त्यांच्याच दावणीस आहे.