तास कुठून येतो?

माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरची ट्रंक उघडली आणि माझ्या घरखर्चाच्या जुन्या वह्या खाली काढल्या. २००७ ते २०११ या वर्षांच्या. डाव्या पानावर दूध, किराणा, गॅस, लाइटबिल. उजव्या पानावर मी रोजचा वेळ मांडत असे. मुलाचा अभ्यास किती वाजता, माझा किती वाजता, मध्ये काय आडवे आले. ती दुपारभर वाचत बसली. संध्याकाळी चहा पिताना म्हणाली, “आई, तुझ्या वह्यांत माझं नाव फक्त रविवारी येतं.”

हा लेख त्या वाक्यापासून सुरू झाला. मी विद्यापीठातली अभ्यासक नाही. स्त्रियांची आत्मचरित्रे वाचणे, त्यांतले घरगुती तपशील टिपून ठेवणे हे माझे वीस वर्षांचे वेड. दुसऱ्यांच्या आयुष्यातले तपशील टिपताना स्वतःच्या वह्या मात्र मी कधी साधन म्हणून वाचल्या नव्हत्या. त्या आता वाचल्या, आणि एक साधा प्रश्न घेऊन पुन्हा जुन्या पुस्तकांकडे गेले. घरी मुलाला शिकवणारी आणि स्वतःही शिकणारी आई तो तास आणते कुठून?

घरातली शाळा

आधी आमची हकिकत. आम्ही साताऱ्याचे. हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलगी दोन वर्षांनी मोठी, तिची शाळा सुरळीत चालली होती. मुलाला मात्र अक्षरे उलटसुलट दिसत. ‘कमळ’ वाचताना तो ‘मकळ’ म्हणे आणि वर्ग हसे. पाचवीच्या वर्षी तो आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्गाबाहेर उभा असायचा. शाळेत तीनदा जाऊन बोलले. उपयोग झाला नाही. पाचवीचा निकाल लागल्यावर २००७च्या जूनमध्ये आम्ही त्याला घरी ठेवले.

त्याच जूनमध्ये मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाचा अर्ज भरला. माझे शिक्षण दहावीपर्यंत. मुलाला शिकवायचे तर आपणही काही शिकले पाहिजे, एवढाच विचार होता. सासूबाई म्हणाल्या, “पोराला घरी बसवलंस आणि आता तूच शाळेत निघालीस?” त्यांच्या बोलण्यात राग होता तसे नवलही होते.

घरी शिकवणे म्हणजे शाळेची वेळ घरात मांडणे नव्हे, हे कळायला मला सहा महिने लागले. सुरुवातीला मी अकरा ते पाच असे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले होते. ते पंधरा दिवसही टिकले नाही. मुलगा वाचायला लागला तो एस.टी.च्या पाट्यांवरून. कोरेगाव, मेढा, पाटण, वाठार, पुसेगाव, रहिमतपूर. स्टँडवर बाकावर बसायचे, गाडी आली की पाटी वाचायची. चुकला तर हसायला कुणी नाही, आणि दहा मिनिटांनी तीच पाटी पुन्हा येणार. ह्यांनी जुने वेळापत्रक आणून दिले, त्यावर तासा-मिनिटांची वजाबाकी झाली. सात चाळीसला सुटलेली गाडी नऊ पंधराला पोचली तर वाटेत किती वेळ गेला? साठाचा हातचा त्याला शाळेत कधीच समजला नव्हता. ‘किशोर’चे जुने अंक रद्दीच्या दुकानातून किलोवर आणले. दोन वर्षांनी तो सलग पान वाचू लागला.

कायद्याच्या बाजूने मात्र जीव टांगणीला होता. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. त्या कलमात पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याविषयी कायदा अवाक्षर काढत नाही. म्हणजे बंदी नाही आणि मान्यताही नाही. अशा घरांना उरतात त्या परीक्षेच्या वाटा. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसणे. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. आम्ही १७ नंबरचा फॉर्म भरला. मुलगा २०१३ मध्ये बसला, गणित राहिले, ते पुढच्या खेपेला सुटले. नंतर आय.टी.आय. करून आता तो घरांच्या वायरिंगची कामे घेतो.

उजवे पान

आता वह्यांचे उजवे पान. फेब्रुवारी २०१० घेते, कारण त्या महिन्याच्या नोंदी पूर्ण आहेत. नळाला पाणी पहाटे साडेपाचला. ते भरून डबे, मुलीची शाळा, ह्यांची शिफ्ट. साडेनऊला मुलगा पुस्तक घेऊन बसे. त्याच्याजवळ बसून मीही माझे पुस्तक उघडायची, असा बेत. प्रत्यक्षात नोंदी अशा: ‘९.४० ते १०, मग गॅसवाला.’ ‘१०.१५ ते १०.२५, सासूबाईंचे औषध.’ ‘११, अर्थशास्त्र, दोन पाने, तीच कालची.’

अठ्ठावीस दिवसांत माझा सलग तासभर अभ्यास झाला असे दिवस सहा निघाले. त्यांतले दोन मुलगा मामाकडे गेला होता तेव्हाचे. उरलेले चार रविवार. रविवारी कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडून मुलाला शिकवता येते, कारण त्याला तेवढेच झेपते. स्वतः अर्थशास्त्र शिकता येत नाही. त्या वर्षी मी त्याच पेपरात नापास झाले.

हा तास कुठून आणायचा, याची उत्तरे आपल्या इतिहासात शोधली तर मला मुख्यतः तीन सापडतात.

झोपेतून

पहिले उत्तर लक्ष्मीबाई डोंगरे यांचे. पंडिता रमाबाईंची ही आई. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि ते गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. वडील वृद्ध झाले होते आणि शिष्यांत गुंतलेले. म्हणून रमाबाईंना शिकवले ते आईने. घरात शिष्य, पाहुणे, यात्रेकरू यांची वर्दळ. लक्ष्मीबाईंना मोकळी वेळ एकच होती, उजाडण्यापूर्वीची. त्या लेकीला पहाटेच्या काळोखात उठवीत, जवळ घेऊन बसत आणि पाठ देत. पाखरांचा किलबिलाट सुरू होई तोवर धडा झालेला असे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तिचे विद्यापीठ हे असे पहाटेचे. रमाबाईंनी १८८७ चे आपले इंग्रजी पुस्तक आईच्याच स्मृतीला अर्पण केले आहे.

आपण हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि तो कौतुकाचा आहेच. पण हिशेबाच्या वहीत तो मांडला तर एक नोंद होते. हा तास आईच्या झोपेतून आला.

रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणी वाचतानाही हेच दिसते. लग्न १८७३ साली, वय अकरा. दिवस घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या कामांत आणि त्यांच्या बोलण्यांत जायचा. पाठ रात्री, पतीकडून. दिवसाचा कुठलाही तास तिचा म्हणून मोजलेला नव्हता.

दुपारमधून

याच रमाबाई रानडे यांनी पुढे दुसरे उत्तर उभे केले. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्याचे सेवासदन सुरू झाले. प्रौढ, संसारी बायकांसाठी तिथे दुपारच्या सवडीत वर्ग भरत. सकाळचा स्वयंपाक आवरला आहे आणि संध्याकाळच्या दिव्याला अवकाश आहे, अशा मधल्या वेळी. ज्या बाईने स्वतः रात्री चोरून शिकल्यासारखे शिक्षण घेतले, तिने दुपार शोधून काढली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शिकवायचे काय हे ठरवणारे पुष्कळ होते. शिकायचे केव्हा हे ठरवायला ते घर आतून माहीत असावे लागते.

१९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेचे माध्यम ठेवले, आणि बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मुभाही दिली. माध्यमाविषयी पुष्कळ लिहिले गेले. या मुभेविषयी कमी. मला ती तितकीच मोठी वाटते. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ झाले, त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीला बसता येऊ लागले. माझ्यासारख्या अनेकींच्या पदव्या त्यातून आल्या.

पण गंगा घरोघरी आली म्हणजे घरातले काम कुठे वाहून जात नाही. पुस्तके टपालाने येतात, तास येत नाही. सेवासदनात बाई दुपारी घराबाहेर पडत असे, म्हणून ती दुपार तिची होई. घरी बसून शिकायचे तर दुपारीही दारावरची बेल वाजते. आणि ज्या घरात मूलही दिवसभर घरीच शिकते आहे, तिथे दुपार नावाची जागाच राहत नाही.

दुसऱ्याच्या वाट्यातून

मग तिसरे उत्तर येते, आणि ते आपण सहसा लिहीत नाही. तास दुसऱ्या बाईकडून येतो.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. आई चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना काही काळ तिला वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी सांभाळले. रमाबाई शिकल्या यात त्या भगिनींचे तासही आहेत. आजच्या घरांत कुठे सासू आहे, कुठे पोळ्यावाल्या मावशी आहेत. माझ्या घरी माझी मुलगी होती.

वहीत तशी नोंद आहे. ‘रविवार. केंद्र १० ते ४. स्वयंपाक ताई.’ घरात तिला आम्ही ताई म्हणतो. त्यापुढच्या रविवारी तेच. २०१०-११ मध्ये ती दहावीत होती आणि मी तिसऱ्या वर्षाला. तिच्या वर्गातल्या मुली रविवारी क्लासला जात. ती भाकऱ्या करून, आजीला जेवायला वाढून, भावाची वही तपासत असे. त्याला शुद्धलेखन तिच्याकडूनच आवडायचे. मी संध्याकाळी येई तेव्हा भांडी घासलेली असत आणि मला समाधान वाटे, की मुलगी किती समजूतदार आहे. तिला दहावीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले. मी बी.ए. झाले.

एका मुलाला शाळेने वर्गाबाहेर उभे केले म्हणून मी सारे घर हलवले. दुसऱ्या मुलाला मीच अभ्यासाबाहेर उभे केले, हे मला पंधरा वर्षे दिसले नाही, आणि ते माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी हे मुलीला म्हटले. ती म्हणाली, “तू शिकलीस त्याचं मला वाईट नाही वाटत गं. पण बाबा रविवारी घरीच असायचे ना?”

असायचे. शिफ्ट नसे तेव्हा हे रविवारी पेपर वाचत, मुलाला घेऊन स्टँडवर जात, पाट्या वाचून घेत. मुलाच्या शिकण्यात ह्यांचा वाटा मोठा आहे. चुलीपाशी यावे असे ह्यांना सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. मुलगी होती ना.

आमच्या घरापुरते हे असते तर मी लिहिले नसते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेची पाहणी केली. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता; असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. ही पाहणी वयाच्या सहाव्या वर्षापासूनची आहे. ‘स्त्रिया’ या रकान्यात दहावीतली ताईही मोजलेली असते.

वही कशी मांडावी

अलीकडे मुलाला घरी शिकवू पाहणाऱ्या काही तरुण आया माझ्याकडे विचारायला येतात. बहुतेकींना अभ्यासक्रम हवा असतो, पुस्तकांची यादी हवी असते. ती मी देते. पण आधी एक आठवड्याची वही मांडायला सांगते. प्रत्येक तासापुढे काम लिहायचे आणि कामापुढे नाव. ‘स्वयंपाक झाला’ असे लिहायचे नाही. कुणी केला ते लिहायचे. तुमचा स्वतःचा अभ्यास ज्या तासात आहे, त्या तासात घरातले कोण काय करत आहे, तेही लिहायचे. एकच नाव सारखे येत असेल तर ते नाव कुणाचे आणि त्या माणसाला तेव्हा दुसरे काय करायचे होते, हे त्या माणसालाच विचारायचे.

एकीने अशी वही भरली आणि आठव्या दिवशी स्वतःचा कोर्स सहा महिने पुढे ढकलला. दुसरीने नवऱ्याला वही दाखवली आणि बुधवार-शनिवारची संध्याकाळ मागून घेतली. दोन्ही मला बरोबर वाटले. आई शिकत असलेली मुलाने पाहावी, यासारखा दुसरा धडा नाही, हे मी आजही मानते. पाहणाऱ्या मुलांत मुलगीही धरायची, इतकेच.

माझी मुलगी यंदा मुक्त विद्यापीठातून एम.ए. करते आहे. तिची लेक दर रविवारी आमच्याकडे असते. तिला मी गोष्टी वाचून दाखवते. स्वयंपाक हे करतात. चपात्या अजून जाड होतात. घरखर्चाच्या वहीच्या उजव्या पानावर, बऱ्याच वर्षांनी, मी तशी नोंद करते आहे.