मंजुघोषेचे गोत्र

ललितापंचमीला कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर पोहोचली, म्हणजे फोडलेल्या कोहळ्याच्या तुकड्यांसाठी भाविकांची जी झुंबड उडते, ती ज्याने पाहिली आहे त्याला पौराणिक नामांचे सामर्थ्य निराळे सांगावे लागत नाही. कारण तो कोहळा म्हणजे देवीने मारलेल्या कोल्हासुराचे प्रतीक, आणि मरतेसमयी या दैत्याने देवीकडे वर मागितला तो या नगराला आपले नाव मिळण्याचा. ज्या गावाने दैत्याचेही नाव दप्तरी कायम केले, तेथील वाचकाने कादंबरीतील नावे केवळ कर्णमधुर म्हणून सोडून द्यावीत, हे मला मंजूर नाही.

'मुक्तामाला' या कादंबरीपासूनच्या मराठीतील अद्भुतरम्य कादंबऱ्यांपैकी मी नारो सदाशिव रिसबूड यांच्या 1868 सालच्या 'मंजुघोषे'पाशी थांबतो. मंजुघोषा हे बोधिसत्त्व मंजुश्रीचेही नामांतर खरे. परंतु त्या काळच्या मराठी घरांत बौद्ध ग्रंथांपेक्षा एकादशीमाहात्म्याचा राबता अधिक होता. फाल्गुन वद्य पक्षातील पापमोचनी एकादशीच्या कथेत चैत्ररथवनात ऐन वसंतात तप करणाऱ्या मेधावी ऋषीला मंजुघोषा नावाची अप्सरा मोहित करते. सत्तावन्न वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर भानावर आलेला तो तपस्वी तिलाच पिशाच्च होण्याचा शाप देतो, आणि मग उःशाप म्हणून हे व्रत सांगतो. आता रिसबुडांच्या नायकाचे नाव पाहावे: वसंतमाधव! व्रतकथेतील ऋतू नायक होऊन आला आणि तपस्वी तेवढा गळाला, असे माझे अनुमान आहे.

या अनुमानाला बळकटी येते ती ग्रंथाच्या प्रस्तावनेने. आपल्या विवाहाच्या चालीमुळे व अन्य कारणांनी हिंदूंच्या नित्य आयुष्यात मनोरंजक असे काही उरत नाही, सबब वाचकाला रिझवायचे तर अद्भुताचाच आश्रय घेणे प्राप्त आहे, असा रिसबुडांचा रोखठोक कबुलीजबाब आहे. त्यावरून त्यांना हसणारे पुष्कळ. मला मात्र तो साऱ्या कादंबरीहून मोलाचा दस्तऐवज वाटतो. ज्या समाजात मुलीचे लग्न ती जाणती होण्यापूर्वीच उरकले जाई, तेथे स्वतःच्या मनाने पुरुष निवडणारी स्त्री घरात सापडणार कोठून? ती स्वर्गातून, म्हणजे पुराणातूनच, आणावी लागली. आणि व्रतकथेने जिला पिशाच्च केले, तिचेच नाव नायिकेला द्यावे लागले.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' लिहिताना नायिकेला यमू हे घरोघरचे नाव दिले आणि अप्सरांची सद्दी संपली. टीकाकार याला अद्भुताचा पराभव म्हणतात. पण हरिभाऊंनी कादंबरी उभारली ती रिसबुडांनी तक्रार म्हणून नोंदवलेल्या त्याच विवाहरूढीवर. म्हणून वास्तववादाची पहिली फिर्याद दाखल करण्याचा मान मी मंजुघोषेच्या जनकाला देतो.